न्हाणीघराच्या भिंतीचे आच्छादन : पाथरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मराठवाड्यातील किल्ले, मंदिरे व मकबरे यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने घरातील न्हाणीघर उपेक्षित राहिले. वस्तुतः न्हाणीघराची भिंत ही बांधकामाची खरी कसोटी होय. अंगावर उडणारे पाणी आत शिरू न देणे आणि आत शिरलेली ओल बाहेर पडू देणे, अशी दोन कामे तिला एकाच वेळी करावी लागतात. काळाच्या ओघात या दोन कामांची सांगड कशी घातली गेली व कशी तुटली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चुन्याचा गिलावा :
पाथरीचे कुलकर्णीपद निजामशाही घराण्याच्या पूर्वजांकडे होते, असे फरिश्ता नमूद करतो. त्याच निजामशाहीच्या ताब्यात असलेला दौलताबादचा किल्ला मोगलांनी १६३३ मध्ये घेतला. या किल्ल्यातील शाही हमामात गरम व थंड पाण्याची तसेच वाफेच्या स्नानाची सोय होती. अशा वास्तूंचा आधार म्हणजे चुन्याचा गिलावा. घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी मिसळण्याची परंपरा होती. घोटून गुळगुळीत केलेला चुना पाणी ओघळून जाऊ देतो. तरीही त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून भिंतीतील बाष्प बाहेर पडते. म्हणजेच वरील दोन्ही कामे एकच द्रव्य करीत असे.

माती आणि शहाबादी फरशी :
सामान्य रयतेचे घर मात्र पांढऱ्या मातीच्या भिंतींचे व माळवदाचे. तेथे न्हाणी परसात, एखाद्या दगडावर आणि आडोशाला असे. यात गैरसोय होती, विशेषतः स्त्रियांची. परंतु मातीच्या भिंतीपासून पाणी दूर राहत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि पाथरीला मानवत रोड हे स्थानक जवळ झाले. अवजड दगडाची वाहतूक त्यामुळे सुकर झाली. निजामाच्याच राज्यातील शहाबादची फरशी मोरीत अंथरली जाऊ लागली, तसेच उभी करून भिंतीलाही लावली जाऊ लागली. गवंडी यास 'डॅडो' म्हणतात.

टाइल आणि पॅनेल :
१९५८ मध्ये एच. अँड आर. जॉन्सन ही कंपनी भारतात स्थापन झाली. पुढे चकचकीत टाइल हळूहळू मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. आज शहरी सदनिकांत बाथटबभोवती पीव्हीसीचे पॅनेल बसवतात. पॅनेलची खालची कड टबच्या काठावर आणून फट सिलिकॉनने बुजवली जाते. मागची भिंत पक्क्या विटांची वा काँक्रीटची असून तिचे जलरोधन आधीच झालेले असेल, तर ही पद्धत निर्दोष ठरते. मातीच्या भिंतीवर मात्र तीच गोष्ट घातक होते. सांध्यांतून झिरपलेले आणि जमिनीतून चढलेले पाणी टाइलमागे कोंडले जाते. पायथ्याची माती मऊ होते. वरून भिंत स्वच्छ दिसते, आतून ती खचत असते.

निष्कर्ष :
२०११ च्या जनगणनेनुसार देशातील १६.४ टक्के कुटुंबांची स्नानाची जागा छप्पर नसलेला आडोसा एवढीच होती. त्यामुळे न्हाणीघर घरात येणे हा स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. परसातील न्हाणीचे गुणगान करून तो टाळता येणार नाही. तथापि जुन्या मातीच्या घरात ते आणताना मूळ भिंतीलाच टाइल चिकटवू नये. थोडे अंतर सोडून विटांची स्वतंत्र भिंत उभारावी, तिला आच्छादन करावे आणि मातीची भिंत हवेला मोकळी ठेवावी. आच्छादनाची निवड त्याच्या चकाकीवरून न होता मागच्या भिंतीच्या प्रकृतीवरून व्हावी, हाच या इतिहासाचा बोध होय.