भीमाशंकर येथील फिरंगी घंटा

पुण्याहून भोसरी, चाकण, खेड या वाटेनें भीमाशंकरास जाणाऱ्या यात्रेकरूस देवळाच्या आवारांत, शनीच्या लहान देवळापुढें, एक मोठी घंटा टांगलेली दिसते. बहुतेकजण तीस हात लावून पुढें जातात. तिची हकीकत विचारल्यास उत्तर एका वाक्याचें मिळतें: चिमाजीअप्पांनीं वसई घेतली व तेथील घंटा देवास वाहिली. हें वाक्य खोटें नाहीं. परंतु अभ्यासकास त्यावर समाधान मानतां येत नाहीं. कारण त्यांत घंटेचें पूर्वचरित्रहि नाहीं आणि उत्तरचरित्रहि नाहीं. ती ज्या चर्चच्या मनोऱ्यावर वाजत होती त्या चर्चचें युद्धांत काय झालें, आणि मनोऱ्यावरून उतरल्यावर ती कोणत्या रीतीनें सह्याद्रीच्या माथ्यावर आली, या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम खुद्द घंटेविषयीं. तिचा घाट आपल्याकडील नव्हे, आणि तिजवरील साल युरोपी आंकड्यांत आहे. तें १७२९ असें छापलेलें आढळतें. हें वाचन ग्राह्य धरल्यास वसई पडली त्या वेळीं घंटा उणीपुरी दहा वर्षांची होती. कित्येक वर्णनांतून हिला पांच मण वजनाची लोखंडी घंटा म्हटलें आहे. वजनाविषयीं प्रस्तुत लेखकाचा वाद नाहीं, परंतु ‘लोखंडी’ हें विशेषण आतां गाळावें. त्या काळीं युरोपांत चर्चच्या घंटा सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील अशा मिश्रणाच्या ओतीत. आपले संस्कृत ग्रंथकार ज्यास कांस्य म्हणतात तोच हा धातु होय. भीमाशंकरच्या पावसानें काळवंडलेलें कांसें पाहून कोणा एकानें त्यास लोखंड म्हटलें असावें व पुढच्यांनीं तें उतरून घेतलें असावें. नकलाकारांचा हा दोष पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस नवा नाहीं. धातूचा हा मुद्दा दिसावयास क्षुल्लक, पण पुढील विवेचनास तोच आधार आहे.

गुजराथचा सुलतान बहादुरशाह यानें २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई फिरंग्यांस दिली. पुढील दोनशें वर्षें तेथें राज्य आणि चर्च हीं दोन वेगळीं नव्हतीं. मिशनांचें पोषण पोर्तुगालच्या राजानें करावें व त्या बदल्यांत धर्माधिकाऱ्यांच्या नेमणुकींत त्याचा शब्द चालावा, असा पोपाशीं झालेला करार होता. यामुळें किल्ल्याच्या तटाआंत संत जोसेफचें मुख्य चर्च (स्थापना १५४६), आणि फ्रान्सिस्कन, जेसुइट, दोमिनिकन व ऑगस्टिनियन या पंथांचीं स्वतंत्र चर्चें व मठ उभे राहिले. मुख्य चर्चचा जीर्णोद्धार आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश याच्या कारकीर्दींत १६०१ सालीं झाला, असें तेथील शिलालेख सांगतो. ज्यास पुढें १८६२ सालीं संतपद मिळालें तो गोन्सालो गार्सिया वसईचाच. जपानांत नागासाकी येथें १५९७ सालीं त्यास क्रूसावर चढविण्यांत आलें. तटाच्या बुरुजांचीं नांवें पाहिलीं तरी तेंच दिसतें. सेबास्तियान, रेमेदियुश, रेइश मागुश, सान्तियागु, मादर द देउश हीं सर्व संतांचीं, पूज्य पुरुषांचीं किंवा मेरीमातेचीं नांवें होत. ज्या बुरुजावर तोफा चढवावयाच्या तो संतांच्या स्वाधीन करावा, अशी ही रचना होती.

या रचनेची दुसरी बाजूहि लिहिली पाहिजे. साष्टी व वसई प्रांतांतील कित्येक गांवें या पंथांकडे इनाम होतीं, आणि हिंदूंच्या उघड धर्मकृत्यांस बंदी होती. म्हणजे रयतेच्या दृष्टीनें पाद्री हाच गांवचा खोत आणि धर्माचा हाकीम. मराठ्यांच्या मोहिमेमागें राजकारण होतेंच, पण त्या प्रांतांतून पुण्याकडे गाऱ्हाणीं आलीं तीं याच कारणानें. त्यांत साष्टीच्या बखरींतील अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांचें नांव प्रमुख आहे. या कथेचा एक धागा आमच्या प्रांतीं, चिंचवडास, येऊन मिळतो. मोरया गोसावींच्या वंशांतील नारायण महाराज देव यांजकडून अंजूरकरांस सिद्धिविनायकाची मूर्ति मिळाली अशी त्या घराण्याची परंपरा आहे. परंपरा ती परंपराच. तरी पवनेच्या कांठच्या देवस्थानाचा अंजूरशीं असा संबंध सांगितला जातो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली. वसईस खरा वेढा पडला तो १७३९ च्या फेब्रुवारींत. त्या वेळीं चर्चनें काय केलें? आपल्याकडील लेखकांनीं या प्रश्नाकडे फारसें पाहिलेलें नाहीं. गोव्याहून पुरेशी मदत येईना, तेव्हां वसईकर फिरंग्यांनीं मुंबईच्या इंग्रजांकडे माणसें व पैका मागितला. माणसें मिळालीं नाहींत. पैका मिळाला तो पंधरा हजार रुपये, आणि त्यासही तारण द्यावें लागलें. तें तारण म्हणजे चर्चचीं रुप्याचीं उपकरणीं आणि कांहीं पितळी तोफा. वेढ्यांत सांपडलेल्या शहरानें तोफा गहाण टाकाव्या यांत त्याची दैन्यावस्था पुरतेपणीं दिसते. पण इतिहासकार त्या तोफांसाठीं हळहळतात आणि रुप्याच्या भांड्यांपाशीं थांबत नाहींत. दोनशें वर्षें ज्या राज्यानें चर्च पोसलें, त्या राज्याचा शेवटचा खजिना चर्चच्या वेदीवर सांपडला. पूजेचीं पात्रें सावकाराकडे जातात तेव्हां त्यांचे पुजारी बाकी सर्व मार्ग चाचपून चुकलेले असतात. दुष्काळांत आपल्या देवस्थानांवर आलेले असे प्रसंग ज्यांनीं जुन्या हिशेबांतून वाचले आहेत त्यांस हें सांगावयास नको.

पात्रें गेलीं, तोफा गेल्या, पण घंटा राहिल्या, ही गोष्ट येथें लक्षांत घ्यावी. घंटा उतरविल्या असत्या तर वेळ सांगणारें, प्रार्थनेस बोलावणारें आणि धोक्याची सूचना देणारें साधनच नाहींसें झालें असतें.

मे महिन्याच्या पूर्वार्धांत मराठ्यांनीं सेबास्तियान बुरुजाखालीं सुरुंग उडविले. येथें चाकणची आठवण होते. १६६० च्या पावसाळ्यांत शाएस्तेखानानें संग्रामदुर्गास वेढा घातला, तेव्हां फिरंगोजी नरसाळ्यानें छपन्न दिवस किल्ला लढविला, आणि शेवटीं बुरुजाखालीं सुरुंग उडाल्यावरच तो गेला. भुईकोटाचें मरण बहुधा जमिनीखालून येतें. एकोणऐंशीं वर्षांपूर्वीं जो घाव चाकणास मराठ्यांनीं सोसला, तोच त्यांनीं वसईस घातला. वेढ्यांत सेनापति मार्तिन्यु द सिल्वेरा द मेनेझिश पडला. त्याच्या मागून काएतानु द सोझा परेरा यानें पांढरें निशाण लावलें. १६ मे १७३९ रोजीं तह ठरला. इंग्रजी कागदांत हाच दिवस ५ मे असा येतो. इंग्रज त्या वेळीं जुनी पंचांगपद्धति पाळीत व दोहोंत अकरा दिवसांचें अंतर होतें. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें दोन निरनिराळ्या घटना कल्पिल्याचीं उदाहरणें प्रस्तुत लेखकानें पाहिलीं आहेत.

तहाप्रमाणें फिरंगी शिबंदी हत्यारांनिशीं, निशाणें व नगारे घेऊन बाहेर पडली. जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें चालण्याची मोकळीक कबूल झाली. हें कलम केवळ कागदावर राहिलें नाहीं. झेंद अवेस्ताचा भाषांतरकार फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्यू पेरों १७६० सालीं साष्टींत फिरला. तेथील ख्रिस्ती लोक एतद्देशीय पाद्र्यांच्या हाताखालीं उघडपणें सण करीत असल्याचें त्यास दिसलें. गांवोगांवचीं चर्चें चालू राहिलीं. ओसाड झालीं तीं किल्ल्यांतलीं, कारण ज्या राज्याचा तीं अवयव होतीं तें राज्य जहाजांत बसून निघून गेलें.

आतां घंटांचा प्रश्न. युरोपांत जिंकलेल्या शहरांतील चर्चच्या घंटांवर जेत्याच्या तोफखान्याचा हक्क समजत. शहरास त्या पैसे देऊन सोडवून घ्याव्या लागत. कारण उघड आहे. घंटेचा धातु आणि तोफेचा धातु हे सख्खे भाऊ. तोफेंत कथील कमी, घंटेंत अधिक, एवढाच फरक. मराठ्यांस तोफांची उणीव होती, तरी या घंटा ओतशाळेंत न जातां देवळांत गेल्या. यास मीं केवळ भाविकपणा म्हणत नाहीं. तोफ झाली असती तर वसईची खूण पुसली गेली असती. घंटा देवळाच्या दारीं टांगल्यानें विजय रोज कानीं पडे, आणि तिजवरील परकें साल पाहणाऱ्यास साक्ष देत राही.

मात्र सर्व घंटा चिमाजीअप्पांनीं स्वतः वांटल्या ही समजूत कालगणनेस टिकत नाहीं. अप्पा डिसेंबर १७४० मध्यें, म्हणजे वसईनंतर दीड वर्षांतच, वारले. नाशकास गोदेच्या कांठीं नारोशंकर राजेबहाद्दरांच्या देवळांत १७२१ साल असलेली प्रसिद्ध घंटा आहे, तीहि वसईचीच म्हणून सांगतात. परंतु तें देऊळ १७४७ चें. वाईजवळील मेणवलीची घंटा नाना फडणिसांच्या वाड्यालगत कृष्णेच्या घाटावर आहे. नानांचा जन्मच १७४२ चा, आणि मेणवली त्यांजकडे आली १७६८ च्या सुमारास. तेव्हां या दोन घंटा तरी मधल्या काळांत कोठेंतरी सरकारी कोठारांत पडून असल्या पाहिजेत, व पुढें मोठे सरदार आणि कारभारी यांनीं देऊळ बांधल्यावर मागून घेतल्या असाव्या. भीमाशंकरच्या देवळाचें शिखर नानांनींच बांधविलें. यावरून भीमाशंकरची घंटा अप्पांच्या हातची कीं नानांच्या वेळची, हा प्रश्न खुला ठेवावा लागतो. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. अप्पांनीं नवस केल्याचें परंपरा सांगते तो वज्रेश्वरीस. तो त्यांनीं देऊळ बांधून फेडला.

एक गोष्ट येथें सांगून टाकतों. ज्या पेशवाईनें या घंटा आणिल्या, तिनेंच १७९२ सालीं, सवाई माधवरावांच्या वेळीं, पुण्यांत आजच्या नाना पेठेंत रोमन कॅथलिक चर्चसाठीं जागा दिली. मागणारा होता पेशव्यांच्या फौजेंतील फिरंगी अंमलदार दों मिगेल द नोरोन्य, आणि चर्च हवें होतें तें त्याच फौजेंतील ख्रिस्ती शिपायांस. वसईच्या तटावर संतांच्या नांवें ज्यांचे पूर्वज लढले असतील, असे लोक आतां भगव्या झेंड्याखालीं पगार घेत होते. भीमाशंकरच्या घंटेची हकीकत लिहितांना ही नोंद वगळली तर हकीकत अर्धीच राहील.

खेड व चाकण भागांतील मंडळींस एक विनंति आहे. युरोपी घंटांवर पुष्कळदां सालाबरोबर ओतणाराचें नांव आणि ज्या संतास ती अर्पिली त्याचें नांव लॅटिन किंवा पोर्तुगीज अक्षरांत असतें. भीमाशंकरच्या घंटेचा सर्व बाजूंनीं ओल्या कागदावर ठसा घ्यावा. एक संतनाम वाचतां आलें तरी घंटा वसईच्या कोणत्या चर्चची तें ठरविण्यास मदत होईल. कोणाच्या दप्तरांत घंटा वाहून नेल्याचा, बैलगाड्यांचा अथवा खांब उभारल्याच्या मजुरीचा एखादा यादीचा कागद असल्यास तोहि पाहावा. ठशाचें काम महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर, फाल्गुन-चैत्रांत करावें. ज्येष्ठ लागला कीं त्या डोंगरावर धुकें उतरतें, आणि घंटेवर कागद धरत नाहीं.