निरीश्वरांचा नाद

हैदराबादेस २०१५ साली काही तरुणांनी एक वाद्यवृंद स्थापन केला आणि त्यास ‘गॉडलेस’, म्हणजे देवहीन, असे नाव दिले. आरतीच्या वेळी टाळ धरून उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव ऐकताच कपाळास आठ्या घालाव्यात, हे स्वाभाविकच होय. मीही घातल्या. परंतु केवळ शीर्षक वाचून प्रकरण निकालात काढणे वकिलास शोभत नाही. म्हणून मुद्रिका ऐकल्या आणि त्या संगीताची वंशावळही तपासली.

हे संगीत ‘थ्रॅश’ व ‘डेथ मेटल’ या दोन शाखांच्या संगमावरचे. ‘थ्रॅश’ शब्दाचे मूळ धान्याच्या मळणीत आहे. खळ्यावर कणसे झोडपावीत तसे येथे तारांवर आघात होतात. मूळपुरुष शोधू गेल्यास आपण बर्मिंगहॅमच्या कारखान्यांपाशी येऊन पोहोचतो. ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयॉमी याच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली. दुखऱ्या बोटांना सोसावे म्हणून त्याने पुढे तारा सैल केल्या, स्वर खाली उतरला, आणि तो खर्ज हीच पुढे या घराण्याची खूण ठरली. अपघाताने घराणे जन्मास यावे, हे नवल खरे!

कॅलिफोर्नियाच्या ‘मेटॅलिका’ने १९८३ च्या पहिल्या मुद्रिकेत या खर्जास वेग दिला. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) या तिसऱ्या मुद्रिकेत आठच रचना आहेत. आरंभी साध्या गिटारीचे शांत आलाप, मग एकाएकी द्रुत, मध्येच विसावा. त्याच वर्षी ‘स्लेयर’ने दहा रचना अर्ध्या तासाच्या आत उरकल्या, तेथे विसावा जवळजवळ नाहीच. १९८८ च्या मुद्रिकेच्या वेष्टनावर मेटॅलिकाने दोरांनी जखडलेली न्यायदेवता छापली. तिची पारडी पैशांनी भरलेली! ते चित्र मला परके वाटले नाही. १९९१ मध्ये मात्र हीच मंडळी संथ व आटोपशीर झाली, आणि जुने भक्त रुसले. घराण्यांतले असे रुसवेफुगवे आपणास अपरिचित नाहीत.

हैदराबादच्या मंडळींनी २०१६ व २०१८ साली दोन छोट्या मुद्रिका काढल्या आणि २०२१ मध्ये ‘स्टेट्स ऑफ केऑस’ ही पूर्ण मुद्रिका. छोट्या मुद्रिकेत एका दमात धावून जाता येते. पूर्ण मुद्रिकेत श्रोत्यास पाऊण तासाच्या आसपास धरून ठेवायचे, तर वेगाला उतार द्यावाच लागतो. गाणाऱ्याचा आवाज घशातून गुरगुरत येतो, शब्द कळत नाहीत. पण गोव्याच्या सुंवारीत घुमट, शामेळ आणि कांसाळें एकदम टिपेस पोहोचतात, तेव्हा तरी शब्द कोण ऐकतो? नादाने अंग भारून जाणे आपल्या मंडपासही नवे नाही.

राहिला नावाचा प्रश्न. सांख्यकारिका ईश्वरावाचून विश्वाची उपपत्ती लावते, आणि तिच्या कर्त्याचे नाव ईश्वरकृष्ण! मीमांसक यज्ञाचा कण न् कण जपतात, पण जगत्कर्ता मानीत नाहीत. त्यांस आपण दर्शनांच्या पंक्तीतून उठविले नाही. मग या पोरांवरच फिर्याद कोणत्या कलमाखाली दाखल करावी?

माझी तक्रार निराळी आहे. ज्या शहरात तेलुगू, दखनी, मराठी व कानडी एकाच बाजारात ऐकू येतात, तेथील हे गाणे इंग्रजीत बांधलेले आहे. सिंगापुरात १९९२ साली उभ्या राहिलेल्या ‘रुद्र’ या वृंदाने याच कर्कश बाजात संस्कृत आणले आणि २००५ च्या मुद्रिकेस ‘ब्रह्मविद्या’ हे नाव दिले. तीही मी ऐकली. घरातल्यांनी दार लावून घेतले.