काचेची पेटी, ओढ्यातले मासे आणि एक क्रेफिश

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात फिशटँक कुठून आला? लढाया, तह, गादीवर कोण बसलं, हा आपला नेहमीचा इतिहास. दिवाणखान्यातली माशांची टाकी त्यात बसत नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या टाकीला जन्मतारीख आहे, जन्मगाव आहे, आणि तिच्यामुळे काही नद्यांचं जे झालं ते एखाद्या लढाईने होतं त्यापेक्षा कमी नाही. म्हणून आज तासभर टाकीबद्दल बोलू. तीही रंगीत परदेशी माशांच्या टाकीबद्दल नाही. घराजवळच्या ओढ्यातले, तळ्यातले मासे आणि क्रेफिश आणून घरात पाळायचे, या छंदाबद्दल. हा छंद रुजला तो इंग्लंडमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला.

आधी क्रेफिश म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे तो नाही. कोकणात ज्याला शेवंड म्हणतात, तिचा गोड्या पाण्यातला छोटा भाऊ समजा. बोटभर किंवा थोडा मोठा, पुढे दोन नांग्या, मागे पंख्यासारखी शेपटी. भारतीय उपखंडात एकही क्रेफिश मुळातला नाही. आपल्या ओढ्यात दगड उलटला की खेकडा निघतो, तिथे इंग्रज पोराला क्रेफिश मिळायचा.

आता १८४९ सालच्या लंडनमध्ये या. ब्लॅकफ्रायर्सला अपॉथेकरीज हॉल म्हणून औषधी व्यावसायिकांच्या संस्थेची इमारत आहे. तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनतज्ज्ञ काम करायचा. त्याने बारा गॅलनची, म्हणजे साधारण ५५ लिटरची काचेची टाकी घेतली. तळाला वाळू आणि माती घातली, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. मासा काचेत ठेवणं यात नवीन काही नव्हतं, गोल्डफिशचे वाडगे आधीपासून होते. पण त्या वाडग्यांचं पाणी रोज बदलावं लागे. वॉरिंग्टनचा प्रश्न वेगळा होता: पाणी न बदलता मासे जगवता येतील का?

हा प्रश्न सुचायला मागे ऐंशी वर्षांचा अभ्यास होता. १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टलीने दाखवलं होतं, की मेणबत्ती जळून 'बिघडलेली' हवा पुदिन्याची डहाळी पुन्हा चांगली करते. १७७९ मध्ये यान इंगनहौझने त्यात भर घातली, की हे काम वनस्पतीचा हिरवा भागच करतो, आणि तोही उजेडातच. पुढे नथानियल वॉर्ड हा लंडनचा डॉक्टर. १८२९ मध्ये त्याने पतंगाचा कोश झाकणाच्या बाटलीत ओल्या मातीवर ठेवला, आणि पतंगाऐवजी नेचा उगवला. शहराच्या धुरात जी झाडं जगत नव्हती ती बंद काचेत जगू लागली. वॉर्डच्या या पेट्यांतूनच पुढे चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली. तेव्हा तुमच्या सकाळच्या कपात आणि आजच्या विषयात एक धागा आहे! आणि एक नाव न्यायासाठी घेतलंच पाहिजे. सिसिलीत मेसिना इथे जॅन व्हिलप्रू-पॉवर ही फ्रेंच बाई १८३२ सालीच काचेच्या टाक्या करून त्यात समुद्री जीवांचा अभ्यास करत होती. इतिहास लिहिताना तिचं नाव बराच काळ मागे राहिलं.

वॉरिंग्टनच्या टाकीकडे परत येऊ. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. इथे दुसऱ्या कुणी टाकी रिकामी केली असती. वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, शेवाळ साफ केलं, आणि त्यांची अंडी माशांना खाऊ झाली. मार्च १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे त्याने हे मांडलं. वनस्पती, मासा आणि गोगलगाय हे तिघं मिळून पाणी ताजं ठेवतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

ही कल्पना लोकांना फार भावली. एक तर त्या काळच्या मनाला ती धार्मिक वाटली, विधात्याची योजना टेबलावर मांडून दाखवल्यासारखी. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरचा कर रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, लोकांची झुंबड उडाली. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्दच रूढ झाला. त्याआधी याला 'व्हिव्हेरियम' म्हणायचे. गॉसचं पुस्तक समुद्राचं, पण समुद्राचं पाणी प्रत्येकाला कुठून मिळणार? सामान्य घरात आली ती गोड्या पाण्याची टाकी. आणि तिच्यासाठी मासे विकत घ्यायची गरज नव्हती. जाळीचा तुकडा, काडी आणि काचेची बरणी एवढ्यावर भागायचं.

ही टाकी लावायची कशी? पद्धत सांगतो, कारण यातच सगळी गोम आहे. तळ स्लेटच्या फरशीचा, बाजू काचेच्या. नदीची वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, दोन-तीन इंच थर द्यायचा. मग झाडं लावायची आणि पाणी भरून टाकी काही दिवस नुसती राहू द्यायची. मासे नंतर. टाकी खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही. मासे थोडे: मिनो, लोच, एखादी स्टिकलबॅकची जोडी. पर्च सुंदर दिसतो, पण तो शेजाऱ्यांना गिळतो. मेलेलं काही दिसलं की लगेच काढायचं.

आणि क्रेफिश? त्याला वेगळं बिऱ्हाड द्यावं लागतं. तो वाळू उकरतो, झाडं मुळापासून कापतो, रात्री झोपलेला मासा धरतो, आणि झाकण नसेल तर पहाटे तुमच्या सतरंजीवर सापडतो. त्याला पाणी उथळ, थंड आणि चुनखडीचं लागतं, लपायला दगडाची कपार लागते. चुना कशाला, तर कवचासाठी. वाढताना तो जुनं कवच टाकतो. त्याआधी थोडा चुना पोटात दोन गोट्यांच्या रूपाने साठवतो, आणि टाकलेलं कवचही बरेचदा खाऊन टाकतो. त्या गोट्यांना युरोपात 'खेकड्याचे डोळे' म्हणत आणि शतकानुशतकं औषध म्हणून विकत. ज्याने हे कात टाकणं टाकीत पाहिलं त्याला प्राणिशास्त्राचा अर्धा धडा मिळाला. हा मी अलंकार करत नाही. टी. एच. हक्सले, डार्विनचा खंदा पाठीराखा, याने १८८० मध्ये 'द क्रेफिश' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, आणि या एकाच प्राण्याच्या आधारे वाचकाला सगळ्या प्राणिशास्त्राच्या दारात नेऊन सोडलं.

स्टिकलबॅकचंही तसंच. दोन इंचाचा, पाठीवर तीन काटे असलेला मासा, ओढ्यात त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. टाकीत लोकांनी पाहिलं, की वसंतात नराचा गळा लाल होतो, तो झाडांचे तुकडे आपल्या मूत्रपिंडातल्या चिकट स्रावाने जोडून घरटं बांधतो, अंड्यांवर पंखाने पाणी वारतो, पिल्लं सांभाळतो. मादी अंडी घालून निघून जाते! पुढे १९३० च्या दशकात हॉलंडमध्ये लायडनला निको टिंबर्गनने याच माशावर प्रयोग केले. खिडकीतल्या टाक्यांमधले नर बाहेरून टपालाची लाल गाडी गेली की हल्ल्याच्या पवित्र्यात तिच्या दिशेने धावायचे, अशी त्याची नोंद आहे. १९७३ च्या नोबेलपर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर हा ओढ्यातला मासा आहे.

पण घरोघरच्या टाक्यांचं काय झालं? फारसं बरं झालं नाही. १८६० च्या दशकात ही लाट ओसरली आणि बहुतेक टाक्या माळ्यावर गेल्या. लोक म्हणाले, वॉरिंग्टनने सांगितलेलं सगळं केलं, झाडं लावली, गोगलगाई सोडल्या, तरी मासे मेले. असं का व्हावं?

इथे मला इतिहासातला एक फार आवडता योगायोग सांगायचा आहे. वॉरिंग्टनचा हिशेब प्राणवायू आणि कर्बवायूचा होता. तो खरा, पण अपुरा होता. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. त्याची वाट कोण लावतं? गोगलगाय नाही. झाडं थोडा घेतात. बाकीचं काम वाळूतले, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. हे १८५० मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अमोनियाचं नायट्रेट करण्यामागे सजीव आहेत. त्या कामाची खात्री करून, हे दोन टप्प्यांत होतं आणि दोन्ही टप्प्यांचे सजीव वेगळे, इथपर्यंत ते इंग्लंडमध्ये कुणी नेलं? रोथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट वॉरिंग्टनने. हा आपल्या वॉरिंग्टनचा मुलगा! बापाच्या टाकीत जे चाललं होतं त्याचं उत्तर मुलाने शेतातल्या मातीत शोधलं. १८९० मध्ये विनोग्राडस्कीने ते जिवाणू वेगळे काढले. आज टाकी लावणारा म्हणतो, मासे सोडण्याआधी टाकी 'पिकू द्या'. त्या पिकण्यात जिवाणूंची ही वस्ती तयार होते. व्हिक्टोरियन घरात रविवारी टाकी आणली आणि सोमवारी डझनभर मासे सोडले, तर काय होणार?

आता दुसरी बाजू, आणि ती तितकी गोड नाही.

त्या टाक्यांत हमखास लावली जाणारी एक वनस्पती होती एलोडिया. मूळची उत्तर अमेरिकेची. ब्रिटनमध्ये तिची पहिली नोंद १८४२ ची, आणि दहा वर्षांत तिने कालवे आणि नद्या इतक्या तुंबवल्या की होड्या अडकू लागल्या. तिचा दोष टाक्यांवर घालता येत नाही, ती टाक्यांच्या लाटेआधीच पसरली होती. पण 'आपल्या ओढ्याची प्रतिकृती' म्हणून जी पेटी सजवली जात होती, तिच्यात पाहुणा पहिल्यापासून बसला होता, एवढं लक्षात ठेवा.

क्रेफिशची गोष्ट याहून वाईट. १८५९-६० च्या सुमारास उत्तर इटलीत लोम्बार्डीत क्रेफिश घाऊक मरू लागले. हा क्रेफिशचा प्लेग, बुरशीसारखा दिसणारा एक रोग. अमेरिकन क्रेफिश तो अंगावर बाळगतात आणि बहुधा जगतात. युरोपातले मात्र काही आठवड्यांत मरतात. पुढच्या शतकात तो युरोपभर पसरला. मग मेलेल्यांच्या जागी खाण्यासाठी म्हणून अमेरिकेचाच सिग्नल क्रेफिश आणला गेला, स्वीडनमध्ये १९६० मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात. ज्याच्या घरात रोग, त्यालाच घरात घेतलं! १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्येही प्लेग आला. इंग्लंडचा स्वतःचा पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश, पूर्वी पोरं बरणीत धरून आणायची तो, आज धोक्यात आलेल्या प्राण्यांत मोजला जातो. परवान्याशिवाय त्याला पकडणं गुन्हा आहे. परदेशी क्रेफिश पाळायलाही १९९६ पासून बंदी आहे, एका उष्ण प्रदेशातल्या जातीपुरती घरगुती टाकीत सूट आहे. म्हणजे हक्सलेचा प्राणी आज हक्सलेच्या वाचकाला घरी ठेवता येणार नाही.

आणि एक क्रेफिश तर टाकीतूनच जगापुढे आला. १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतल्या छंदिष्टांच्या लक्षात आलं, की त्यांचा संगमरवरी नक्षीचा क्रेफिश एकटा ठेवला तरी पिल्लं देतो. २००३ मध्ये 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध झालं: सगळ्या माद्या, नराशिवाय प्रजनन, पिल्लं म्हणजे आईच्या हुबेहूब प्रती. त्याचे पूर्वज अमेरिकेतले, पण या रूपात तो तिथल्या कुठल्या नदीत माहीत नव्हता. पिल्लं जास्त झाली की लोक काय करतात, हे तुम्हाला सांगायला नको. तो युरोपच्या तळ्यांत गेला, मादागास्करला पोचला, आणि तिथे स्वतःच्या मूळच्या क्रेफिशच्या जाती आहेत. २०१६ मध्ये युरोपीय संघाने त्याच्यावर बंदी घातली.

आपल्याकडे यातलं काय लागू पडतं, असं कुणी विचारेल. क्रेफिश नाही, पण मासे आहेत. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने १८३० च्या दशकाच्या शेवटी दख्खनच्या माशांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि बऱ्याच जातींना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच दिली. मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय नाव आजही 'खुद्री' आहे, 'नुक्ता' नावाचा मासा आहे. वॉरिंग्टनच्या टाकीच्या दहा वर्षं आधी पुण्याच्या नदीतले मासे कागदावर आले होते. घराच्या टाकीत मात्र ते फारसे आले नाहीत. तिथे आला गोल्डफिश, आणि विहिरीत आला गप्पी. गप्पी हे नाव मराठी वाटतं ना? ते त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थाचं आडनाव आहे. डास मारायला म्हणून तो आपण स्वतःच्या हाताने डबक्या-विहिरींत सोडत आलो आहोत.

इंग्लंडमध्ये आता पांढऱ्या नांग्यांच्या क्रेफिशसाठी 'आर्क साइट' शोधतात, म्हणजे नदीपासून तुटलेल्या जुन्या खाणी आणि तळी, जिथे सिग्नल क्रेफिश पोचणार नाही. ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयाने त्यांची पिल्लं टाक्यांत वाढवून अशा जागी सोडली. टाकी तीच, थंड पाणी, दगडाची कपार, चुना. फक्त आता प्राण्याचा प्रवास टाकीकडून पाण्याकडे आहे. आपल्या लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात महसीरचं बीज तयार करून धरणांत आणि नद्यांत सोडतात, तेही याच जातीचं काम. त्यात कुठल्या नदीचा मासा कुठल्या नदीत सोडायचा, हा वाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. त्यावर प्रश्नोत्तरांत बोलू. मागे कुणीतरी मघापासून हात वर केला आहे, त्यांच्यापासून सुरू करू.