छत्तीस अधिकारी आणि एक केटी

सेकंड इयरला डिस्क्रीट मॅथ्समध्ये माझी केटी लागली. पेपर फार अवघड होता असं नाही. मी विषय पाठ करत होतो. ऑयलर पाथची अट, पीटरसन ग्राफची आकृती, हे सगळं आधीच ठरलेलं, आपण फक्त उतरवायचं. सर फळ्यावर थिअरम लिहायचे, खाली 'हेन्स प्रूव्ह्ड'. यात कधी कुणाचं चुकलं असेल असं मनात यायचं काही कारणच नव्हतं.

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये घरून काम करताना एक बातमी दिसली. गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंडे वारले, वय १०२. ज्या ऑयलरची अट मी घोकत होतो, त्याचंच एक अनुमान या माणसाने दोघा सहकाऱ्यांबरोबर खोटं ठरवलं होतं. आणि चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये हे नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं.

ते अनुमान १७८२ चं. सहा रेजिमेंट, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी, एकूण ३६. त्यांना ६ × ६ च्या चौकोनात असं उभं करायचं की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक रेजिमेंट एकदाच यावी आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच. तीनचा चौकोन सोपा आहे. अक्षर म्हणजे रेजिमेंट, आकडा म्हणजे हुद्दा:

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

चारचा पत्त्यांतून एक्का, राजा, राणी, गुलाम काढून जमतो. करून बघा, अर्धा तास छान जातो. सहाचा मात्र ऑयलरला जमेना. विषम संख्या आणि चारने भाग जाणाऱ्या संख्या यांच्यासाठी त्याच्याकडे पद्धत होती. उरल्या २, ६, १०, १४, १८... तो म्हणाला, यातला एकही होणार नाही. सिद्धता दिली नाही, अंदाज सांगितला.

१९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच हौशी गणितज्ञाने सगळ्या शक्यता हाताने तपासून दाखवलं की सहाचा खरंच होत नाही. मग सगळ्यांना वाटलं, ऑयलर बरोबरच असणार. पुढे काहींनी पूर्ण अनुमानाच्या सिद्धताही छापल्या, आणि त्या चुकीच्या होत्या. त्यातला एक होता पीटरसन. हो, ज्याची आकृती मी घोकत होतो तोच!

मधल्या काळात हे कोडं शेतात पोचलं होतं. समजा पाच जातींचा गहू लावून कुठली जास्त पिकते ते बघायचंय. शेताची एक बाजू सुपीक, दुसरी भरड, वर उतार वेगळाच. मग प्रत्येक जात प्रत्येक आडव्या-उभ्या पट्ट्यात एकदाच लावली, तर जमिनीचा फरक सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. खतंही त्याच वेळी तपासायची असतील तर त्यावर दुसरा थर, म्हणजे पुन्हा ऑयलरचे अधिकारी. राजचंद्र बोस कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अशा रचनांचं गणित करत होते. पुढे ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला गेले. नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले श्रीखंडे तिथे त्यांचे विद्यार्थी झाले आणि १९५० मध्ये त्यांनी पीएचडी केली.

१९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी छोट्या रचना एकमेकींत गुंफून २२ चा चौकोन बांधला. २२ ला चारने भागलं की बाकी २ उरते, म्हणजे ऑयलरच्या यादीतलाच. १७७ वर्षं टिकलेलं अनुमान तिथेच पडलं. मग रेमिंग्टन रँड कंपनीतल्या अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा केला, आणि तिघांनी मिळून दाखवलं की २ आणि ६ सोडले तर सगळे होतात. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

मला, रोज कोड लिहिणाऱ्याला, यातली एक गोष्ट फार आवडते. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एक कॉम्प्युटर दहाच्या चौकोनाच्या शक्यता चाळत बसला होता आणि तासन्‌तास चालूनही हाती काही लागलं नव्हतं. शक्यता इतक्या की कितीही चाळा, चिमूटभरच. पार्कर यांनी चाळलंच नाही. त्यांनी दहाचे सात आणि तीन असे भाग केले. सातचं चक्र एका नियमाने फिरवलं, कोपऱ्यात तीनचा छोटा चौकोन बसवला. आमच्या सिलॅबसमधलं मॉड्युलो अंकगणित हेच, पण मी ते दोन मार्कांच्या व्याख्येपुरतं वाचलं होतं.

श्रीखंडे भारतात परतले आणि १९६३ पासून पंधरा वर्षं मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. १६ बिंदूंचा एक ग्राफ त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या रात्री मी तो वहीवर काढून पाहिला. प्रत्येक बिंदूला सहा रेषा, एकूण ४८. दोनदा चुकला.

दहाच्या चौकोनावर मग तिसरा थर चढवता येतो का, म्हणजे रेजिमेंट आणि हुद्द्याबरोबर समजा टोपीचे दहा रंगही? हे अजून कुणालाही सुटलेलं नाही.