जमीन, पाणी आणि मालकी : बारामती-इंदापूर परिसरातील सामाजिक स्थित्यंतर

संपत्तीने माणूस बदलतो, हे विधान नीतिशास्त्रात सहज खपून जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र कोणती संपत्ती, कोणत्या कायद्याखाली आणि कोणाच्या हाती, असे विचारावे लागते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे अवर्षणप्रवण तालुके या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतात.

पेशवाईत जमीन ही उत्पन्नाइतकीच प्रतिष्ठेची बाब होती. मिरासदाराला गावकीत जो मान होता तो उपऱ्याला नव्हता. मिरास विकणे म्हणजे गावातील स्थान गमावणे. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल यांनी रिकार्डोच्या खंडसिद्धान्तावर आधारलेली आकारणी केली. ती रयतेला पेलवली नाही व इंदापुरात शेते ओस पडली. (लंडनमधील अर्थशास्त्राचा प्रयोग इंदापूरच्या माळरानावर व्हावा, हा योगायोग उद्बोधक आहे.) १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथेच तीस वर्षांसाठी सौम्य आणि निश्चित सारा ठरविला. सारा निश्चित झाल्याने जमिनीला किंमत आली, आणि किंमत आली म्हणून ती गहाणास योग्य ठरली.

या बदलाचा परिणाम कुणब्यापेक्षा सावकारावर अधिक खोल झाला, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पूर्वी वसुलीसाठी त्याला पाटलाची व गावाची मर्जी राखावी लागे. आता दिवाणी न्यायालय त्याच्या पाठीशी उभे राहिले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुणब्याच्या संरक्षणाचा होता, परंतु दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पडला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या तेजीमुळे कर्ज मुबलक मिळाले. युद्ध संपताच ते आखडले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. माणसांवर गंभीर हल्ले क्वचितच झाले. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला.

पुढील दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला. स्थानिक जमीनधारकांनी प्रारंभी त्याकडे साशंकतेने पाहिले. पाणीपट्टी, खतासाठी लागणारे भांडवल आणि जमीन चोपण होण्याची भीती ही त्याची कारणे होती, व ती अवास्तव नव्हती. लाभ उठविला तो सासवडच्या माळ्यांनी. बागायतीचे ज्ञान असलेल्या या लोकांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला, गूळ केला, आणि १९३० च्या दशकात माळशिरस तालुक्यातील माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना उभारला. त्यांचे पाहून मराठा शेतकरीही उसाकडे वळले. जो जमीन धरून होता तो मागे राहिला आणि ज्याच्याजवळ कसब होते तो पुढे गेला, असे हे काही काळाचे चित्र होते.

त्याच दशकात इंदापूर तालुक्यात कळंबनजीक वालचंद हिराचंद यांचा साखर उद्योग उभा राहिला व वालचंदनगर वसले. येथे मालक म्हणजे कंपनी. तिला भाऊबंदकी नव्हती, त्यामुळे वाटणीही नव्हती. शेतकरी कुटुंबांची गोष्ट निराळी होती. डोनाल्ड ॲटवूड यांनी या कालवाक्षेत्रातील एका गावाचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. काही मोठ्या घराण्यांच्या जमिनी पिढीगणिक वाटण्यांनी घटल्या, तर काही अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबे वर आली, असे त्यात दिसते. श्रीमंती घराण्यात टिकतेच, या समजुतीला त्यामुळे छेद जातो.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या शेतजमिनीही कक्षेत घेतल्या. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे अशा जमिनी गेल्या. ज्यांच्या वाडवडिलांनी त्या कारखान्यांना खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांना मात्र त्या परत मिळविण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले. या वेळी समोर सावकार नव्हता, शासन होते.