मनमाड जंक्शन: प्रवाशाची वेळ, तिथी आणि पत्ता

परदेशात असताना ओळखीच्यांचे पत्ते, त्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि ठरलेल्या कामांच्या तारखा इंटरनेटवरून पाहता येणे ही सोय गेल्या काही दशकांतली असली, तरी तिच्यामागची गरज रेल्वेइतकी, किंबहुना तीर्थयात्रेइतकी जुनी आहे. प्रवाशाजवळ जे लिहिलेले नाही ते त्याला वाटेत कोणाकडून मिळावे, आणि मिळालेली वेळ किंवा तिथी कोणत्या गणनेची मानावी, हे प्रश्न नाशिक जिल्ह्यातील मनमाड येथे विशेष तीव्रतेने उभे राहिले. कारण या गावी लोहमार्गांबरोबर ब्रिटिश हिंदुस्थान आणि निजामाचे हैदराबाद संस्थान या दोन राज्यव्यवस्थाही एकमेकींना भेटत होत्या.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून खानदेशाकडे जाणारा मार्ग १८६० च्या दशकात मनमाडवरून गेला, १८७८ मध्ये दौंडहून येणारा फाटा तेथे मिळाला आणि १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा सिकंदराबादकडे जाणारा मार्ग सुरू झाल्यावर हे स्थानक खऱ्या अर्थाने जंक्शन बनले. मुंबईचा मार्ग रुंदमापी, म्हणजे दोन रुळांत १.६७६ मीटर अंतर असलेला, तर निजामाच्या मुलखातून येणारा मार्ग एक मीटर अंतराचा, म्हणजे मीटरमापी होता. त्यामुळे औरंगाबाद, जालना, परभणी किंवा नांदेडहून मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मनमाडला सामानासह उतरून गाडी बदलावी लागे आणि मालही एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावा लागे. औरंगाबादपर्यंतचा मार्ग १९९० च्या दशकात रुंदमापी होईपर्यंत ही सक्तीची उतारपेठ टिकून होती.

गाडी बदलायची तर वेळ नेमकी ठाऊक हवी, आणि नेमकी अडचण तेथेच होती. सूर्य डोक्यावर येण्यावरून ठरणारी स्थानिक वेळ गावागणिक वेगळी असते; मनमाडचे रेखांश पाहता तेथील स्थानिक वेळ मुंबईच्या पुढे सुमारे साडेसहा मिनिटे येते. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, तर मद्रासची ५ तास २१ मिनिटे होती, आणि १८७० पासून रेल्वेने सर्व गाड्यांसाठी मद्रासची वेळ स्वीकारली. याचा परिणाम असा की, मुंबईकर प्रवाशाच्या खिशातले घड्याळ आणि स्थानकावरचे घड्याळ यांत अर्ध्या तासाचा फरक असे, आणि वेळापत्रक वाचताना मनातल्या मनात तेवढी वजाबाकी करणे हे प्रवासाचे पहिले शहाणपण ठरे. १ जानेवारी १९०६ रोजी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाण वेळ अमलात आली, तरी मुंबई शहराने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, घड्याळे आणखी एक तास पुढे सरकवली गेली होती, हेही या गुंतागुंतीत मोजावे लागते.

वेळेपेक्षा तारखेचा घोळ अधिक खोल होता, आणि मनमाडच्या इतिहासात त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. नगरसूल सोडून पूर्वेकडे गेलेली गाडी वैजापूर तालुक्यात, म्हणजे निजामाच्या हद्दीत शिरे, आणि त्या हद्दीत सरकारी व्यवहाराची कालगणना वेगळी होती. हैदराबाद संस्थानात फसली सन चालत असे. ही मूळची पिकांच्या हंगामाशी आणि महसुलाशी जोडलेली गणना असून तिच्या आकड्यात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरमध्ये आजुर महिन्याने सुरू होई आणि दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी इराणी नावांची महिन्यांची मालिका पुढे चाले. औरंगाबादच्या कचेरीतील कागदावर फसली तारीख, नाशिकच्या कचेरीतील कागदावर इसवी तारीख आणि दोन्हीकडच्या मराठी घरांत शके व तिथी सांगणारे पंचांग, अशा तिहेरी हिशोबात एकच दिवस वावरत असे. चलनही वेगळे होते. निजामाचा हाली रुपया ब्रिटिश कलदार रुपयापेक्षा हलका असून सुमारे सात हालींना सहा कलदार मिळत. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर काही वर्षांत हे सारे भेद मिटले, परंतु तोपर्यंत मनमाडच्या फलाटावर उतरणारा मराठवाड्यातला माणूस, परदेशी गेलेल्या माणसाला जे करावे लागते तेच करत होता: तारीख, वेळ आणि पैसा या तिन्हींचे रूपांतर.

गाडीतल्या उत्तरेकडील यात्रेकरूंचा चौथा हिशोब होता. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून येथील श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणवली जाते, जरी कृष्णजन्माचा दिवस एकच असतो. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणारे शीख यात्रेकरू मनमाडवरून जात आणि मनमाडमध्येच गुरुद्वारा गुपतसर साहिब आहे. शिर्डीला जाणारेही, साईनगर शिर्डी स्थानक २००९ मध्ये सुरू होईपर्यंत, अनेकदा येथे उतरत.

पत्त्याची व्यवस्था टपालावर उभी होती. १८६३ पासून भारतात धावत्या गाडीत पत्रे वेगळी करण्याची पद्धत सुरू झाली आणि जंक्शनांचे महत्त्व त्यामुळे वाढले. पुढच्या मुक्कामाचा पत्ता निश्चित नसलेला प्रवासी आपली पत्रे एखाद्या टपाल कचेरीत राखून ठेवण्यास सांगे आणि तेथे पोहोचल्यावर नाव सांगून ती घेई. तार करणाऱ्या व्यापारी पेढ्या शुल्क भरून एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून घेत, जेणेकरून लांबलचक पत्त्यातील प्रत्येक शब्दाचे पैसे पडू नयेत. मनमाडच्या पूर्वेला मात्र याही व्यवस्थेत खंड पडे: हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून होती, पण ती संस्थानाच्या हद्दीतच चालत आणि बाहेरच्या पत्राला ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लावावे लागे.

याहून जुनी आणि अधिक थक्क करणारी पत्तेवही मनमाडपासून फार दूर नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणारे आणि त्यांच्या मुक्कामाची सोय पाहणारे वंशपरंपरागत पुरोहित, आपल्या यजमान कुळांच्या नामावळ्या वह्यांत जपत आले आहेत. आलेल्या माणसाने गाव आणि आडनाव सांगितले की वही काढली जाते, त्यात आजोबा-पणजोबांच्या भेटीची नोंद सापडते, नव्या पिढीची नावे जोडली जातात आणि अनेकदा आलेला माणूस स्वतःच्या हाताने सही करतो. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. येथे माहिती प्रवाशाबरोबर फिरत नाही. ती मुक्कामावर राहते आणि प्रवासी ओळख पटवून ती उघडवतो. ‘दूर ठेवलेली, मागितल्यावर मिळणारी नोंद’ ही कल्पना महाराष्ट्राला संगणकाने दिली असे मानणे म्हणूनच इतिहासाला धरून नाही.

दूरध्वनीचा टप्पा त्या मानाने लवकर सरला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एसटीडी-आयएसडीच्या पिवळ्या पाट्या स्थानकांभोवती दिसू लागल्या आणि खिशातील छोटी टेलिफोन डायरी प्रवासाचे अपरिहार्य साधन झाली. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ कॅलेंडर मात्र घरच्या भिंतीवरच राहिले, आणि त्याच्या चौकोनांत लिहिलेल्या नोंदी पाहण्यासाठी परगावच्या माणसाला घरी फोन करावा लागे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हॉटमेल’ने कोणत्याही देशातील कोणत्याही संगणकावरून स्वतःची पत्रे पाहण्याची सवय लावली. पत्त्यांची वही पत्रांमागोमाग तेथे गेली, ‘गुगल कॅलेंडर’ २००६ मध्ये आले. यामागे ‘आयकॅलेंडर’ हे १९९८ चे सर्वमान्य नोंदरूप आणि ‘कॅलडॅव्ह’ (२००७) व ‘कार्डडॅव्ह’ (२०११) हे दोन संकेत आहेत. संकेत म्हणजे मूळ नोंद दूरच्या संगणकावर ठेवून फोन, घरचा संगणक आणि परक्या देशातील यंत्र यांनी तिच्या प्रती परस्परांशी जुळवत राहण्याचे ठरलेले नियम, ज्यांपैकी पहिला दिनदर्शिकेसाठी आणि दुसरा पत्त्यांसाठी आहे.

मनमाडच्या फलाटावरचा वेळेचा प्रश्न या नोंदींत जसाच्या तसा उतरलेला दिसतो. आयकॅलेंडरमध्ये वेळ तीन तऱ्हांनी लिहिता येते: जागतिक वेळेनुसार, एखाद्या प्रदेशाच्या वेळेशी बांधून, किंवा कोणत्याच प्रदेशाशी न बांधता. तिसऱ्या प्रकारची नोंद माणूस जेथे जाईल तेथील घड्याळ धरते. औषध सकाळी आठला घ्यायचे असेल तर ती योग्य, पण नाशिकच्या वकिलाशी न्यू जर्सीतून बोलायचे असेल तर ती घातक ठरते. प्रदेशांच्या वेळा संगणकांना पुरवणारी एक सार्वजनिक सूची आहे आणि तिच्यात भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’ या नावाने होते. त्या नोंदीत १९०६ पूर्वीच्या काळासाठी मद्रासची वेळ, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, आजही लिहिलेली आहे, आणि युद्धकाळातील वाढीव तासही. मुंबईची वेळ तीत नाही. म्हणून १९०० सालची एखादी घटना आजच्या दिनदर्शिकेत भारतीय वेळेने नोंदवली, तर यंत्र रेल्वेचे घड्याळ धरते, मुंबई शहराचे नव्हे.

तिथीच्या बाबतीत यंत्राची मर्यादा आणखी स्पष्ट होते. दिवसाची तिथी त्या ठिकाणच्या सूर्योदयाच्या वेळी कोणती तिथी चालू आहे यावरून ठरत असल्याने सोलापूरच्या दाते पंचांगातील एकादशी शिकागोत एक दिवस अलीकडे पडू शकते, आणि अमेरिकेतील मराठी मंडळींना तेथील स्थळासाठी केलेले गणित पाहावे लागते. भारतातून पाठवलेली ‘पूर्ण दिवसा’ची नोंद ही स्थलसापेक्षता दाखवत नाही, आणि परदेशस्थ मुलांना घरच्या सणांची नोंद पाठवणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

राहिला ओळख पटवण्याचा मुद्दा. तीर्थोपाध्यायाला गाव व कूळ सांगणे पुरे होते. ऑनलाइन वही मात्र अनोळखी देशातून उघडताना बहुधा भारतीय क्रमांकावर पाठवलेला एकवेळचा संकेतांक मागते, आणि रोमिंग, म्हणजे परक्या जाळ्यावर आपला क्रमांक चालवण्याची सोय, घेतलेली नसेल किंवा भारतीय सिम घरी राहिले असेल, तर तो संकेतांक पोहोचत नाही. ज्या क्षणी पत्त्यांची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी ते बंद राहण्याचा हा धोका खरा आहे. त्यासाठी या सेवा आधीच काही राखीव संकेतांक देतात, ते कागदावर उतरवून पासपोर्टापासून वेगळ्या जागी ठेवायचे असतात आणि प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो.