घड्याळे मोडावीत का?

वीस-पंचवीस घड्याळे जमवलेल्या माणसापुढे कधी ना कधी एक हिशेब येतोच: ही सगळी विकून टाकावीत आणि वर्षानुवर्षे मनात असलेले एकच भारी घड्याळ घ्यावे का? बहुतेक जण हा हिशेब पैशांत सोडवतात. पेटीतल्या घड्याळांचे किती येतील, वर किती घालावे लागतील, हप्ता किती बसेल. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मात्र या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. रेल्वे, निर्वासितांची छावणी, पाळ्यांचे कारखाने आणि खुला बाजार असे घड्याळाचे सगळे टप्पे या थोड्याशा अंतरात घडून गेले आहेत. ते ओळीने पाहिले, तर कोणते घड्याळ विकावे आणि कोणते राखावे याचे उत्तर बरेच स्पष्ट होते. थोडक्यात मांडायचे, तर जे घड्याळ पुन्हा बनणार नाही ते देऊन, जे आजही कारखान्यात बनते आहे ते घेणे हा तोट्याचा सौदा आहे. बाकीची घड्याळे खुशाल विकावीत.

मुंबई–ठाणे रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी धावली, 1 मे 1854 रोजी ती कल्याणला पोचली आणि 12 मे 1856 रोजी कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा फाटा सुरू झाला. अंबरनाथ आणि बदलापूर याच फाट्यावर येतात. तोवर इथला दिवस उन्हाच्या तिरिपीवर, देवळातल्या आरतीवर आणि भातशेतीच्या कामांवर चाले. मिनिटाला किंमत नव्हती. रेल्वेने ती आणली, आणि आणताना आपली वेळही सोबत आणली. पुढे देशभरच्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावू लागल्या. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबई शहराने आपली जुनी स्थानिक वेळ सोडायला नकार दिला. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होती आणि शहरातली अनेक घड्याळे पुढे कित्येक वर्षे तिच्यावरच चालली. म्हणजे बदलापूरहून निघून मुंबईत उतरणाऱ्या माणसाला गाडीची वेळ वेगळी आणि शहराच्या मनोऱ्यावरची वेळ वेगळी, असा घोळ सांभाळावा लागे. खिशातले किंवा मनगटावरचे घड्याळ या भागात आले ते या घोळातून सुटायला. ते अवजार होते, आणि अवजार एकच पुरते. आजही लोकल तिच्या मिनिटांनी ओळखणाऱ्या या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

रेल्वेपाठोपाठ कारखाने आले. स्वीडिश भांडवलावर उभी राहिलेली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, हिने 1920च्या दशकात अंबरनाथला काडेपेट्या बनवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा कॅम्प उभा राहिला आणि फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले; बोलण्यात मात्र ‘कॅम्प नंबर चार’ वगैरे आजही तसेच आहे. शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि अंबरनाथला संरक्षण खात्याचे, म्हणजे ऑर्डनन्सचे, कारखाने हे स्वातंत्र्यानंतरचे. पाळीचा भोंगा सगळ्यांना ऐकू येई, घड्याळ मात्र थोड्यांकडे असे. मुंबईत फाव्र-ल्युबा ही स्विस पेढी 1865 पासून व्यापार करत होती आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे फौजेत लोकप्रिय होती, पण हा सगळा आयात माल. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईत आयातीवर बंधने आली आणि मागणी चोरट्या मालाकडे वळली. ती किती वळली याचा पुरावा कायद्यातच आहे. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातले 123वे कलम सांगते की, काही वस्तू तस्करीच्या असल्याच्या रास्त समजुतीने जप्त झाल्या, तर त्या तशा नाहीत हे ज्याच्याकडे सापडल्या त्याने सिद्ध करायचे. त्या यादीत सोन्याच्या पंक्तीला घड्याळे आहेत, आणि ती आजही तिथेच आहेत.

ही कोंडी फोडली ती सरकारी कारखान्याने. यंत्रे बनवणाऱ्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे पुढच्या पंचवीस वर्षांत घरोघरी माहीत झाली. लग्नात जावयाच्या मनगटावर बांधायला, मुलगा पहिल्या नोकरीला लागला की द्यायला, पंचवीस वर्षे इमानाने चाकरी करणाऱ्या कामगाराच्या निरोप समारंभात ठेवायला हीच घड्याळे असत. त्या काळात कुणी संग्रह करत नव्हते, कारण एकेका घड्याळासाठी वाट पाहावी लागे आणि घरात एकच असे. टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून 1984 मध्ये स्थापन केलेल्या टायटनने 1987 पासून क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आणली, पुढे 1 एप्रिल 2001 पर्यंत ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची संख्येची बंधनेही संपली, आणि घड्याळ स्वस्त झाले, मुबलक झाले. संग्रहाचा छंद मध्यमवर्गात खऱ्या अर्थाने रुजला तो त्यानंतर. ज्या पेटीबद्दल आपण बोलतो आहोत, तिचा छंद असा दोन-अडीच दशकांचा आणि तिच्यातला जुना माल त्याआधीच्या टंचाईचा. हा फरक विकताना डोळ्यांआड होतो.

संग्रह विकून एक घड्याळ घेण्याच्या बाजूने सगळ्यात जुना युक्तिवाद आपल्याच घरातला आहे. लहानसहान दागिने मोडीत घालून एक ठसठशीत दागिना करणे ही आपल्याकडे शहाणपणाची चाल मानली जाते: चार अंगठ्या, एक तुटकी साखळी, कानातले जुने जोड सराफाकडे द्यायचे आणि पाटल्या करून घ्यायच्या. सोन्याच्या बाबतीत ही चाल बरोबरच आहे, कारण घट आणि मजुरी वजा जाता सोन्याचे वजन तुमचेच राहते. घड्याळाला असे वजन नसते. स्टीलची केस, पितळेचे मशीन आणि काच वितळवून काही हाती लागत नाही. त्याची किंमत ठरते ती ते कोणी, कुठे, केव्हा बनवले आणि किती अस्सल राहिले यावर. वीस घड्याळे गठ्ठ्याने घेणारा व्यापारी ही माहिती विचारत नाही आणि तिचे पैसेही देत नाही. तो सगळ्यांत पडेल घड्याळाकडे पाहून सगळ्यांचा भाव बांधतो. त्यामुळे ‘दागिना मोडतो तसे घड्याळे मोडू’ म्हणणारा माणूस जी गोष्ट विकतो आहे तिचाच भाव सोडून देतो.

एचएमटीचे उदाहरण इथे निर्णायक आहे. 6 जानेवारी 2016 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. एचएमटीच्या नावाने आजही काही घड्याळे विकली जातात, पण आपले मशीन आपणच बनवणारी ती कारखानदारी संपली. आता एखादी जुनी ‘जनता’ हातात घेऊन पाहा. पांढरी तबकडी, काही घड्याळांवर देवनागरीत लिहिलेले नाव, खाली ‘पॅरा-शॉक’ आणि 17 ज्युवेलची नोंद, रोज सकाळी चावी द्यायची, पातळ काटे. अस्सल तबकडी वयाबरोबर एकसारखी पिवळट पडते आणि भिंगाखाली अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. बाजारात मिळणारा बराच माल मात्र नव्याने रंगवलेला असतो: शाई किंचित पसरलेली, मिनिटांच्या खुणा काट्याखाली नीट न येणाऱ्या, रंग भडक, चावी भलत्याच घड्याळाची, आत तीन घड्याळांतले सुटे भाग. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि हे नाव काही कौतुकाने ठेवलेले नाही. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ हा शिक्का म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जुना विनोद या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली थट्टा बाजूला ठेवली तरी एक धडा उरतो: शिक्क्यावर जाऊ नका, माल उघडून पाहा. पेटीतली रंगवलेली घड्याळे विकायला कोणतीच हरकत नाही. त्यांनी काही जपलेलेच नाही. राहिलेली अस्सल घड्याळे मात्र एकदा गेली की त्यांच्याजागी बाजार तुम्हाला रंगवलेलीच देईल.

यावर व्यापारी माणूस म्हणेल, माल पडून राहिला की पैसा मेला. छावणीतून बाजारपेठ उभी करणाऱ्या शहराला हे तत्त्व शिकवायला नको. पण हाच व्यापारी दुकानात काय करतो? जो माल उद्या पुन्हा भरता येईल तो आधी काढतो आणि जो पुन्हा मिळणार नाही तो भाव येईपर्यंत राखतो. स्वप्नातली घड्याळे बहुधा पहिल्या प्रकारातली असतात. रोलेक्सची सबमरिनर 1953 पासून आणि ओमेगाची स्पीडमास्टर 1957 पासून थोड्याफार बदलांनी बनतच आहे. पाच वर्षांनी गेलात तरी ती मिळेल. भारी घड्याळ ही गुंतवणूक आहे, असेही सांगितले जाते. 2022 च्या सुरुवातीला शिखरावर गेलेले वापरलेल्या भारी घड्याळांचे भाव त्यानंतर बरेच खाली आले, एवढे आठवले तरी पुरे. शिवाय युरोपातल्या स्वित्झर्लंडसह चार देशांशी 10 मार्च 2024 रोजी झालेल्या व्यापार कराराने स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. कंपन्या किमती वाढवतील, फ्रँकही महागेल, पण शुल्काच्या बाबतीत तरी थांबणाऱ्याचे नुकसान नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या आजोबांनी एका घड्याळावर आयुष्य काढले. पेटीत पडून राहणाऱ्या पंचवीस घड्याळांपेक्षा रोज हातावर असणारे एकच बरे नाही का? बरे आहे. पण मग ते एक पेटीतलेच का नको? एकच घड्याळ पुरते हे ज्याला मनापासून पटले आहे, त्याला लाखो रुपयांच्या घड्याळाची गरज उरत नाही. आणि ज्याला ते हवेच आहे, त्याने साधेपणाचे कारण पुढे करू नये. तिसरा आक्षेप देखभालीचा. चावीच्या घड्याळाला काही वर्षांनी तेलपाणी लागते, जुने कारागीर कमी होत चालले आहेत. हे खरे आहे, आणि म्हणूनच जी घड्याळे सांभाळणे झेपत नाही ती आजच चांगल्या हाती द्यावीत. मात्र भारी घड्याळाची एक अधिकृत सर्व्हिसिंग अनेक एचएमटींच्या दुरुस्तीइतकी पडते, हेही मोजायला हवे. उरला कायद्याचा मुद्दा. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो. तो आयकरात वळता होतो, पण पक्के बिल आलेच. जुन्या विदेशी घड्याळाचे बिल सहसा नसते, म्हणून ते विकताना कुठून आले याची निदान लेखी नोंद तरी द्यावी.

तेव्हा संग्रहाचे तीन वाटे करावेत. क्वार्ट्झची एकसारखी घड्याळे, रंगवलेल्या तबकड्या आणि फॅशन म्हणून घेतलेला माल आधी विकावा. तो पैसा स्वप्नातल्या घड्याळाच्या खात्यावर टाकावा. दुबार असलेली अस्सल घड्याळे गठ्ठ्याने नव्हे, तर एकेक करून, माहितीसकट आणि संग्राहकालाच विकावीत. तिसऱ्या वाट्यात बंद पडलेल्या कारखान्यांची, निरोप समारंभात आणि लग्नात मिळालेली घड्याळे येतात. त्यांना हात लावू नये, मग स्वप्न दोन वर्षे लांबले तरी चालेल. आणि विकण्याआधी एक काम जरूर करावे: प्रत्येक घड्याळाबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. ते कोणाचे होते, त्या माणसाने विम्कोत काम केले की ऑर्डनन्समध्ये, ते कधी आणि कशासाठी मिळाले. चिठ्ठीसकट घड्याळ राहिले तर या पट्ट्याच्या कामगार इतिहासाचा एक कागद राहील; चिठ्ठीविना ते घरातल्या पुढच्या पिढीलाही जुनेपुराणे घड्याळच वाटेल, आणि ती पिढी ते मोडीत काढेल.